एकशे वीस दिवसांचा वारा

माझं काम सोपं आहे.
दिवसातून आठदा गच्चीवर जायचं,
तीन वाट्यांचं भिरभिरं कितीनं फिरतंय ते बघायचं
आणि नोंदवहीत लिहायचं : दिशा, वेग, दृश्यता.
दिशेच्या रकान्यात बावीस वर्षं एकच शब्द :
वायव्य.
त्या दिशेचं नावच वाऱ्याच्या नावावरून पडलेलं,
निराळं काय लिहिणार?

गहू कापून झाला की तो सिस्तानात उतरतो.
एकशे वीस दिवस राहतो, असं म्हातारे सांगत.
गेल्या साली मी मोजले. एकशे एकसष्ट.
पाहुणा म्हणावा तर इतका राहत नाही,
घरचा म्हणावा तर कधी काही धड जागेवर ठेवत नाही.

बाबा म्हणतात, त्याला शिव्या देऊ नकोस.
तो बदललेला नाही.
त्याच्या पायाखालचं बदललंय.

पूर्वी हाच वारा हामूनच्या सरोवरावरून यायचा,
ओल्या पायांनी.
आई, शहरबानू, खिडकीत उंटकाट्याची झडप बसवायची
आणि दुपारी तिच्यावर घागर रिती करायची.
काट्यांतून गाळून वारा घरात शिरे
तेव्हा त्याला गवताचा आणि माशांचा वास असे.
आम्ही सहा भावंडं
त्याच्या तोंडाशी झोपायला भांडायचो.

आता वर, डोंगरात, बर्फ उशिरा पडतं, लवकर जातं.
उरतं ते वरच्या धरणांत, वरच्या कालव्यांत अडतं.
नदी येते ती अफवेसारखी,
पंपवाल्याच्या मुलानं ऐकलेली.

उघड्या पडलेल्या तळावर वारा खळं मांडतो.
मी दुर्बिणीतून त्याची उफणणी पाहतो :
उलटी आहे.
दाणा उडवून नेतो, भूस इथं ठेवतो.
जे बारीक, जे कसदार, ज्यात कधी कलिंगडं वाढली असती
ते उचलून परमुलखात,
आणि जड रेती
आमच्या उंबऱ्याशी, रोज थोडी,
उधारी फेडल्यासारखी.

एका सकाळी दार उघडलंच नाही.
माहलिका, माझी धाकटी, धाब्याच्या झरोक्यातून वर चढली
आणि फावडं मागायला शेजारी गेली. नऊ वर्षांची.
त्यानंतर बाबांनी बिजागऱ्या फिरवल्या.
आमच्या गावात आता सगळी दारं आत उघडतात.

शेजारचा दोस्तमुहम्मद गोरगानला गेला, तिकडे पाऊस आहे.
जाताना किल्ली आमच्याकडे दिली.
किल्ली खिळ्याला आहे.
कुलूप कुठे आहे ते अंदाजानं सांगता येईल.
त्याच्या छपरावर शेळ्या चालत जातात,
चढ न लागता.

बाबा तूतन बांधायचे :
पाणकणसाच्या मोळ्या आवळून केलेली होडी, खिळा नाही, फळी नाही.
शेवटच्या चार त्यांनी गावाच्या वायव्येला उभ्या पुरल्या,
नाकं आभाळाकडे.
वारा अडेल म्हणून.
दोन हंगाम अडला.
तिसऱ्यात मोळ्यांचे दोर झिजून सुटले.
एका होडीच्या आडोशाला मात्र झाऊचं झुडूप तगलंय, गुडघ्याएवढं.
माहलिका त्याला तांदूळ धुतलेलं पाणी घालते
आणि खोकते.

परवाच्या हिवाळ्यात पाणी आलं.
खरंच आलं. तीन बोटं खोल, अकरा दिवस.
एवढ्यानंही माती बसली.
मी गच्चीवर गेलो. वेग तोच, दिशा तीच.
दृश्यता दहा किलोमीटर;
खाली चुकून लिहिली असं वाटू नये म्हणून गोल केला.
आणि वाऱ्याला वास होता.
वासासाठी रकाना नाही.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं :
सकाळी सहा. गवत. बहुधा मासा.

महिन्याभरानं मुख्य कचेरीतून चिठ्ठी आली :
अनावश्यक मजकूर खोडावा.
खोडला.
बाबांनी वही मागून घेतली, त्या जागी बोट फिरवलं.
त्यांना वाचता येत नाही.
पेन्सिलीचा खळगा बोटाला लागतो म्हणाले,
आणि बोट झटकलं :
त्यातही बसली होती
बारीक.